मऊ लायनर

लढाईतल्या जुन्या पिकअपले नवे ब्रेक पाहिजे म्हटलं की दुकानदार हसे. "नागपूरले लिहून टाक," म्हणे, "तिथून कागद मुंबईले जाईल, दोन महिने थांब." माझी गाडी तशीच होती. लष्कराच्या डिस्पोजलच्या लिलावातून निघालेली, स्टेरिंग डाव्या अंगाले. रंग लष्करी हिरवा होता, तो मीच निळा केला. अमरावतीहून संत्रा भरायचा, अकोल्याच्या बाजारात टाकायचा, येताना सरकी, ढेप, जे भेटलं ते आणायचं. वऱ्हाड तवा नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं. रस्ते होते तसेच होते.

पण त्या सकाळी मले दोन महिने काय, दोन दिवस थांबायची सोय नव्हती. बायकोले अकोल्याच्या दवाखान्यातून सुट्टी भेटणार होती.

पहिलं बाळंतपण म्हणून ती अकोटले माहेरी गेली होती. तिथं सुईणीचं काही चाललं नाही. साळ्यानं तिले अकोल्याले आणलं अन् मले तार केली. मी अमरावतीहून रिकामी गाडी घेऊन निघालो तो खड्डा पाहिला नाही, वळण पाहिलं नाही. मूर्तिजापूरच्या पुढं चाकातून लोखंड खरवडल्यावानी आवाज यायले लागला. ब्रेकचं लायनर, ड्रमले धरणारी पट्टी, झिजून संपलं होतं अन् रिबिटा ड्रमले घासत होत्या. तरी हाणली.

पोचलो तवा लेकरू होऊन गेलं होतं. मेलेलंच झालं. तिले गुंगीचं औषध देऊन काढलं होतं, तिनं काही पाहिलं नाही. नर्सनं फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. मी अन् साळा मोर्णेच्या काठानं गेलो. खड्डा साळ्यानं केला, पण तोंड पाहायची त्याची हिंमत झाली नाही. पाठ करून उभा राहिला. मी फडकं बाजूले केलं, पाहिलं, अन् मंग ठेवलं.

पुढं आठेक दिवस ती दवाखान्यात होती. कोणाशी बोलेना. लेकराचं तिच्याजवळ कोणी नाव काढू नका, असं आयाबाया सांगत, म्हणून मीही गप. एक दिवस तीच बोलली.

"मले अकोटले नेऊन सोडा."

"अन् घरी कवा येशीन?"

"घरी येत नाही मी. त्या गल्लीत रिकाम्या वटीनं पाय ठेवू का? बाया पाहायले येतीन. काय दाखवू त्यायले?"

आमच्याकडं पहिलटकरीण माहेराहून येते तवा सारी गल्ली दारात उभी राहते. कोणी भाकर ओवाळून टाकते, कोणी लेकराचे पाय धुते. ते तिच्या डोळ्यांपुढं होतं. मले दुसरंच भेव होतं. घरून माझ्या मायनं सांगावा धाडला होता, सध्या तिले माहेरीच राहू दे, मंग पाहू. या "मंग पाहू"चा अर्थ मले माहीत होता. अशा माहेरी बसलेल्या बाया मी पाहिल्या होत्या. एक उन्हाळा जाते, दुसरा जाते, मंग आणायलेच कोणी जात नाही. अन् तिकडं नवऱ्याच्या घरी दुसरीची बोलणी लागतात.

पण आठ दिवसांत तिनं एवढंच मांगितलं होतं. नाही कसं म्हणू. साळा सकाळच्या एसटीनं गाठोडी घेऊन पुढं गेला, अन् मी गाडी घेऊन मिस्त्रीकडं.

मिस्त्री म्हातारा मुसलमान माणूस, अर्धं मराठी बोले, अर्धं हिंदी. त्यानं चाकं काढली, ड्रम पाहिला, अन् दोन तुकडे समोर टाकले. एक काळा, पाटीसारखा कडक. दुसरा पितळी तारेत विणलेला, हातानं वाकणारा.

"कडक घे," म्हणे. "संत्र्याची गाडी हाय तुही. मऊ लायनर एका मोसमात खलास. कडक तीन मोसम पाहायचं काम नाही. दाम भी कम."

"धरते कसं?"

"धरता है तो ऐसा धरता है." त्यानं मूठ आवळून दाखवली. "थंड असलं की जरा झटका देते. माल को क्या फर्क पडता?"

बाजूले कापसाच्या गाठी वाहणारा एक ट्रकवाला बिडी ओढत बसला होता. तो म्हणे, "काहून पैसे घालवतं बे? कापसाच्या जिनातल्या मशीनचा जुना पट्टा कापून ठोक. आमी सारे तेच लावतो."

हे खोटं नव्हतं. जिनाच्या पट्ट्यावर अर्ध्या वऱ्हाडातल्या गाड्या थांबत. पण तो गरम झाला की जळक्या चिंधीचा धूर केबिनीत येते, अन् ओला झाला की धरतच नाही.

"मऊ द्या," मी म्हटलं.

"मऊ! बाप्पा!" ट्रकवाला हसला. "कलेक्टरची मोटर हाय का तुही? संत्र्याले झटका लागते म्हणून राह्यला! उशी दे ना मंग संत्र्याले, पांघरूण घाल."

गॅरेजातले सारे हसले. दुसऱ्या कोणत्या दिवशी मीही हसलो असतो.

"संत्रा नाही," मी म्हटलं. "बाई बसणार हाय, अकोटपर्यंत. बाळंतीण. टाके हायेत."

मिस्त्रीचं तोंड फुललं. "अरे मुबारक! पहले बोलना था ना! लडका या लडकी?"

मी नुसता हात हालवला. त्याले समजलं.

ट्रकवाल्यानं बिडी विझवली, उठला, अन् न सांगता दुसऱ्या चाकाखाली जॅक लावायले बसला. मिस्त्रीनं ब्रेकच्या जुन्या लोखंडी शूवर मऊ लायनर ठोकलं, तांब्याच्या रिबिटा खोल बसवल्या, अन् लायनरची पुढची कड कानशीनं घासून उतरती केली. म्हणजे एकदम पकडत नाही. काम झाल्यावर तो स्वतः माझ्या बायकोच्या जागेवर बसला, पोटावर हात धरून. "चला," म्हणे. मी चालवली, दाबली. त्यानं मान हालवली, उतरला, एक शू पुन्हा खोलून कड अजून घासली.

"सुन," जाताना म्हणे. "नवं लायनर हाय. अकोटपर्यंत वजन नको, घाई नको. घडीघडी दाबून थांबवजो. धीरे धीरे बैठेगा."

दवाखान्यातून तिले आणलं, दोन गोधड्यांवर बसवलं अन् निघालो. थोडं चाललो की दाबायचं, थांबायचं, पुन्हा निघायचं. ती बाहेर पाहत बसली. अशा कितीक वेळा थांबलो असीन, मंग ती म्हणे, "बिघडली का गाडी?"

"नाही. लायनर नवं हाय, बसवून घ्यावं लागते."

"मले वाटलं तुमालेच जावसं नाही वाटून राह्यलं."

"तेबी हाय."

पूर्णेचा पूल दिसायले लागला तवा मी एका बाभळीखाली पुन्हा थांबलो. पुलापलीकडं तिच्या माहेरचा मुलुख. मी गाडी बंदच केली. ब्रेकचं काम नव्हतं आता. पुढं नेववत नव्हती.

तिनं माझ्याकडं न पाहता इचारलं, "पोरगा होता का पोरगी?"

सांगू नका म्हणणाऱ्या बाया तिथं नव्हत्या. मी म्हटलं, "पोरगी."

"तुमी पाह्यली?"

"पाह्यली."

"दादानं?"

"त्यानं नाही पाह्यली. मीच पाह्यली."

"केस होते?"

"लय होते. काळेभोर. कपाळावर आल्ते."

"रंग?"

"तुहा."

"नाक?"

"नाक माह्यं होतं."

ती वळली. माझ्या नाकाकडं पाहत राहिली. माझं नाक म्हणजे सारी गल्ली हसे असं. "मंग काही खरं नव्हतं बाप्पा," ती म्हणे, "लगन नसतं जमलं पोरीचं." अन् हसली. टाके दुखले म्हणून दोन्ही हातांनी पोट धरून हसली, अन् हसता हसताच तिले हुंदका फुटला. आठ दिवसांत पहिल्यांदा रडली. मीही रडलो. एक बंडीवाला बाजूनं गेला, बैल हाकता हाकता मागं वळून पाहत. पाहू दे.

बऱ्याच वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं. "गाडी फिरवा."

"कुठं?"

"घरी. अमरावतीले."

"अन् गल्लीतल्या बाया?"

"येऊ द्या. अकोटात जाऊन मी कोणासंगं बोलू? तिथं तिले कोणंच पाह्यलं नाही. तुमी एकट्यानं पाह्यली."

मी गाडी फिरवली. समोरून एसटी आली, तिच्या ड्रायव्हरजवळ साळ्याले निरोप दिला. तो तिकडं खाट टाकून, पाणी तापवून बसला होता. पुढं वर्षभर मले शिव्या देत होता. दिवेलागणीले आम्ही घरी पोचलो. गल्ली दारात उभी राहिली, पण बायको माझ्या आधी खाली उतरली अन् मायच्या पायावर वाकून सरळ आत गेली. "मंग पाहू" हा शब्द माझ्या मायनं पुन्हा काढला नाही. मीच काढू दिला नाही.

मऊ लायनर त्याच मोसमात झिजलं. पुढं कडकच लावत गेलो, गाडी विकेपर्यंत.

लेकरू आमाले पुन्हा झालं नाही. पण ती इचारत राहिली. तांदूळ निवडताना, न्हाणीतून निघताना, कवाही. "केस कानावर आल्ते का वं? का कपाळावरच?" बायांले म्हणतात तसं वं म्हणे मले, थट्टेनं. मी सांगे. "बोटं कशी होती?" मी सांगे. तेच इचारे अन् मी तेच सांगे, अन् दरवेळी काहीतरी बारकं आठवे, एखादी नखाची कोर, कानाची पाळी. म्हातारपणी एकदा आरशापुढं उभी राहून म्हणे, "आता तिचेबी केस पिकायले लागले असते." मी म्हटलं, "अन् नाक तेच राहिलं असतं." तिनं फणी फेकून मारली.

गेल्या पोळ्याच्या आधी ती गेली. भेटायले येणारे इचारतात, मूलबाळ किती? मी नाही म्हणतो. दुसरं काय सांगू त्यायले. रात्रंदिवस घरात बसून मी तो चेहरा आठवून पाहतो. कपाळ दिसते, केस दिसतात, बोटं मात्र काही दिवसांपासून नीट दिसत नाहीत. ती इचारे तवाच मले आठवे. आता कोणी इचारत नाही.