भिंतीवरचे पंजे

माझ्या शैलाआत्याने सूड उगवला, आणि मला त्याची तिळमात्र लाज वाटत नाही. सूड माझ्या वडिलांवर होता, तरीसुद्धा.

रामघाटाच्या वरच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं काळ्या दगडाचं घर आहे. दप्तरात कारकुनी करणाऱ्या कुणा खापरपणजोबांनी बांधलेलं. आत्याने लग्न केलं नाही, शाळेत गणित शिकवलं आणि जन्मभर तिथेच राहिली; बाबा आणि आम्ही माधव नगरला राहायचो. घरची एक रीत होती. दाराशेजारच्या भिंतीला नवा चुना लागला की घरच्यांनी ओल्या चुन्यावर पंजा उमटवायचा. सगळ्यात वर आजीचा पंजा होता, करंगळी जरा वाकडी. खाली बाबांचा आणि आत्याचा, लहानपणचे. आजी गेल्यावर आत्या बाहेर पडताना रोज तिच्या पंजावर हात टेकवून जायची.

गेल्या सिंहस्थाच्या आधी भय्यासाहेबांना, म्हणजे माझ्या बाबांना, यात्रेकरूंना खोल्या द्यायची हौस आली. आत्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी इंदूरला होती. तेवढ्यात यांनी भिंतीला छिन्नीने टाचे मारून वर सिमेंट थापलं, त्यावर पिस्ता रंग. एकदम चकाचक, म्हणे! आत्या परत आली, दारात हात टेकवायला गेली आणि तिथेच खाली बसली. बाबा म्हणाले, "एवढं काय त्यात शैला, चुनाच तर होता."

ते वाक्य तिने ऐकून घेतलं, पण विसरली नाही.

सिमेंटने दगडातली ओल आतच कोंडली. सात-आठ पावसाळ्यांत भिंती पाझरायला लागल्या, दगडाचे पापुद्रे सुटायला लागले. आणि निर्लज्जपणा बघा, घर धोकादायक झालंय, पाडून टाका, असा अर्ज बाबांनीच पालिकेत दिला! येत्या सिंहस्थाला तिथे लॉज उभं करायचं होतं ना. पाहणीला आलेल्या इंजिनिअरकडून आत्याने सहा महिन्यांची मुदत मागून घेतली. तेवढ्यात दुरुस्ती झाली नाही तर घर जाणार होतं.

चुन्याचं काम जाणणारे गोपाळ मिस्त्री तिने बडनगरहून शोधून आणले. भिंत ठोकून बघत ते म्हणाले, "दीदी, पहले इसकी साँस खोलो." मग काय, अडुसष्ट वर्षांची बाई रोज सकाळी हातोडी घेऊन सिमेंट उतरवायला बसायची. सुट्टीच्या दिवशी मीही जायची. एकेक खपली पडली की ती बाबांचं नाव घ्यायची, आणि प्रेमाने नाही. आजीच्या पंजाच्या जागी नुसते टाचे निघाले. त्या दिवशी ती जेवली नाही.

मागच्या अंगणात चुना महिनाभर मुरला. त्यात विटांची भुकटी, गूळ, बेलाचा गर पडला आणि तो लेप एकेका भिंतीवर चढला. सहावा महिना लागला तोवर भिंती खडखडीत वाळल्या होत्या. इंजिनिअरने हात फिरवून बघितला आणि शेरा मारला की घर पाडायची गरज नाही. मला वाटलं, संपलं. छे!

दाराशेजारची भिंत आत्याने मुद्दाम शेवटी ठेवली होती. मला म्हणाली, "मृण्मयी, तिथला लेप गुरुवारी. भय्याला शुक्रवारी बोलाव. पंजा उमटवायला ये म्हणावं." मे महिना होता, घोटलेला चुना एका दिवसात घट्ट होतो. मला कळायचं ते कळलं. बाबांना वाटलं, बहिणीने माफ केलं. नवा कुर्ता इस्त्रीला दिला. मी तोंड उघडलं नाही.

गुरुवारी आम्ही पंजे उमटवले. आत्याचा, माझा, माझ्या भावाचा म्हणजे अनयचा, आणि गोपाळ मिस्त्रींचाही. सगळ्यात वरची जागा आजीची म्हणून मोकळी सोडली.

शुक्रवारी बाबा पेढे घेऊन आले. बाही सारून त्यांनी भिंतीवर पंजा दाबला. काहीच उमटलं नाही. पुन्हा दाबला, सगळा जोर लावून. तळहाताला पांढरी भुकटी लागली तेवढीच. शेजारचे आमचे चार पंजे त्यांना तेव्हा दिसले. त्यांनी वळून आत्याकडे बघितलं.

"एवढं काय त्यात भय्या," आत्या म्हणाली, "चुनाच तर आहे."

बाबांनी मला विचारलं, तुला माहीत होतं? मी हो म्हटलं. पेढ्यांचा पुडा ओट्यावर ठेवून ते भर उन्हात माधव नगरपर्यंत चालत गेले, ऑटोसुद्धा केली नाही.

त्या दुपारी आत्याने दोनदा भात घेतला. मीही घेतला.