राहून गेलेला व

काकींना राग आला की त्या बोलत नाहीत, तवा पुसतात. अर्धा कांदा काट्याला टोचायचा, तेलात बुडवायचा आणि तव्यावर असा फिरवायचा की त्या चर्रर्र आवाजाने शेजारच्या चहावाल्याने मान वर करावी. चहावाल्याला तेवढं पुरतं. मग तो गिऱ्हाइकाला हळूच सांगतो, आज तिकडे फार बोलू नका, मुकाट्याने खा आणि निघा.

एरवी काकी काही तिरसट बाई नव्हेत. बस थांब्याच्या मागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानाच्या भिंतीला लागून त्यांची गाडी उभी असते. एक शेगडी, दोन तवे, पिठाचं पातेलं आणि गिऱ्हाइकांना बसायला दोन बाकं. काका, म्हणजे त्यांचे यजमान, कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ताटल्या विसळतात आणि गल्ला सांभाळतात. सकाळी शेगडी पेटली की काकी तव्याच्या कडेला बोट लावून ते कपाळाला लावतात, मनातल्या मनात देवाचं नाव घेतात आणि पहिला डाव ओततात. अन्न करायचं ते असं, आणि खायचंही असंच, ही त्यांच्या आईची शिकवण. जेवताना हसणाऱ्या मुलाला आई ताटावरून उठवायची.

धिरडं एकाच प्रकारचं. रात्रभर आंबवलेल्या पिठाचं, कडेला कुरकुरीत, मध्ये जाळीदार. सोबत लाल चटणी. या पिठाची एक गोष्ट आहे. काकी लग्न होऊन आल्या तेव्हा आईने त्यांच्याबरोबर एका झाकणाच्या भांड्यात आपल्या घरचं वाटीभर पीठ दिलं होतं. आई त्याला मूळ म्हणायची. रोज नवं पीठ भिजवायचं, त्यात कालचं वाटीभर मूळ घालायचं, आणि सगळं संपवायच्या आत उद्यासाठी पुन्हा वाटीभर बाजूला काढायचं. थंडीत पातेल्याला गोधडी गुंडाळायची, उन्हाळ्यात ते पाण्याच्या परातीत ठेवायचं. आई जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. तिची माळ मोठ्या बहिणीकडे गेली, साड्या वहिनींनी वाटून घेतल्या. काकींकडे हे पीठ आहे.

गाडीवर पाटी आहे. ती रंगवली काकींच्या दिरांनी. दुकानांच्या पाट्या रंगवणं हाच त्यांचा धंदा, म्हणून सगळा गाव त्यांना पेंटर म्हणतो. हात चांगला, पण माणूस कलाकार. कलाकार म्हणजे आधी नक्षी, मग मजकूर. त्यांनी पाटीच्या दोन्ही टोकांना परातीएवढी दोन फुलं काढली, पाकळ्यांना सावल्या दिल्या, दवाचे थेंबसुद्धा काढले, आणि मग उरलेल्या जागेत अक्षरं बसवायला घेतली. लिहायचं होतं 'आंबवलेल्या पिठाची चविष्ट धिरडी'. लिहिलं गेलं 'आंबलेल्या पिठाची चविष्ट धिरडी'. व फुलाने खाल्ला.

काकींनी त्याच दिवशी दाखवलं होतं. भावजी, व राहिला. पेंटर म्हणाले, वहिनी, जागाच नव्हती, आणि लोक काय अक्षरं खायला येतात का? सगळे हसले. काकाही हसले. सासूबाई तेव्हा होत्या. त्या म्हणाल्या, घरच्या माणसाने फुकट करून दिलंय, नावं काय ठेवतेस? काकींनी तवा पुसायला घेतला. पेंटर पुढची कितीतरी वर्षं 'करून टाकू एकदा' म्हणत राहिले. गल्लीतल्या लोकांनी थोडे दिवस चेष्टा केली, काय काकी, आज किती आंबलंय, असं विचारलं, आणि मग चेष्टासुद्धा जुनी झाली. पाटी कुणी वाचेनासंच झालं.

मग थांब्यावरच्या इमारतीत स्वस्तातलं लॉज निघालं आणि पाठीवर बोजे घेतलेली प्रवासी मंडळी गल्लीत दिसू लागली. देश बघायला निघालेली माणसं. मोठ्या हॉटेलात न जाता रस्त्यावरचं खाणारी. काकींना सुरुवातीला त्यांचं फार कौतुक वाटलं. एक मुलगी तर बाकावर मांडी घालून बसली, पहिला घास डोळे मिटून खाल्ला आणि चिटोऱ्यावर तव्याचं चित्र काढून काकींना देऊन गेली. काकींनी तिला चटणी पुन्हा वाढली, खुणेने विचारलं, आई आहे का? ती हो म्हणाली. एवढंच बोलणं झालं, पण काकी दिवसभर खुशीत होत्या.

पुढच्या हंगामात काहीतरी बदललं. येणारे आधी पाटीकडे फोन धरायचे, मग एकमेकांना दाखवून हसायचे, आणि मग खायला बसायचे. गर्दी वाढली. दोन बाकं पुरेनात. काका खुश. पण खाताना ही मंडळी नाक चिमटीत धरायची. काकींना वाटलं, धूर जातोय त्यांच्याकडे. त्यांनी शेगडी डाव्या हाताला सरकवली. तरी नाकं धरणं थांबेना. मग त्यांनी लाकडं बदलली, कोळसा आणला. एका सकाळी तर शिंप्याकडून जुनं कापड मागून त्यांनी आडोसा बांधला आणि पाहुण्यांची क्षमा मागावी तसे हात जोडले. पाहुणे आणखीच हसले आणि त्यांनी काकींचे जोडलेले हातही फोनमध्ये घेतले.

शेवटी चहावाल्याला राहवलं नाही. दुपारी गिऱ्हाईक नसताना तो फोन घेऊन आला. म्हणाला, काकी, रागावू नका, पण धुराचं काही नाही ते. फोन पाटीसमोर धरला की पाटीवरचं त्यांच्या भाषेत वाचून दाखवतो. लॉजवर त्यांची भाषा येणारा एक जण आहे, त्याने मला सांगितलं फोन काय म्हणतो ते.

काय म्हणतो?

चहावाल्याने मान खाजवली. "सडलेल्या पिठाची चविष्ट धिरडी."

मग त्याने कुणीतरी काढलेला व्हिडिओ दाखवला. त्यात पाटी होती, काकी होत्या, त्यांची आडोसा बांधण्याची धडपड होती. ज्याने काढला तो सांगत होता की या गावात सडलेलं खायची हिंमत असेल तर या बाईकडे या. खाली हजारो लोक हसले होते.

काकींच्या डोळ्यांसमोर फक्त आपण रोज शेगडी ओढत होतो ते येत राहिलं. इतके दिवस आपण त्यांच्यासाठी धूर हलवत होतो, आणि ते कशासाठी नाक धरत होते! तळपायाची आग मस्तकात गेली. दोन्ही तवे त्यांनी इतके पुसले की कांद्याचा चोथा झाला.

दुसऱ्या दिवशी एक उंच प्रवासी आला. त्याच्याबरोबर फोन धरायला एक बाई होती. माणसाने घास घेतला, डोळे फिरवले, पोट धरलं, आणि कागदात थुंकला. बाईने चित्र घेऊन फोन खाली केला. माणसाने तोंड पुसलं. मग तो सावकाश बाकावर बसला, उरलेलं धिरडं चटणीत बुडवून खाल्लं, बोटं चाटली, आणि काकींना दोन बोटं दाखवून खुणेने आणखी मागितली.

काकींच्या हातातला डाव तसाच राहिला. नावडलं असतं आणि थुंकला असता, तर त्यांनी एक वेळ समजून घेतलं असतं. परमुलुखातलं माणूस, जिभेला सवय नसते. पण याला आवडलं होतं. आवडलेलं अन्न हा चारचौघांत थुंकला होता. असलं काही त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्या दोन बोटांना त्यांनी मान हलवून उत्तर दिलं, नाही. पिठाचं पातेलं तर समोर निम्मं भरलेलं होतं. माणूस हसत, विनवत राहिला. काकींनी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि झाकणावर हात. काकांनी मध्ये पडून त्याला मागच्या तव्यावरची दोन दिलीच.

संध्याकाळी जेवायला पेंटर आले. काकांनी घडलेलं सांगितलं, आणि वर असंही सांगितलं, की थुंकू दे की, येतायत ना? पेंटरना तर त्यातच नवी कल्पना सुचली. जुनी पाटी काढून मोठी करायची. फुलं नकोत आता. मध्ये नाक धरलेल्या माणसाचं तोंड, आणि ठसठशीत अक्षरांत 'खास आंबलेली'. रंग घरात आहेच, रात्रीत रंगवतो, उद्या सकाळी पाटी लावून टाकू. वहिनी, तुमचं नाव होईल.

काकी भाकरी थापत होत्या. त्यांनी ती तशीच परातीत ठेवली.

"भावजी, पीठ आंबतं ते आपलं आपण. कुणी लक्ष दिलं नाही की आंबतं. आंबवायला माणूस लागतं. तुमच्या फुलाने माणूसच खाल्लं."

पेंटर म्हणाले, वहिनी, एका अक्षराचं किती मनाला लावून घेता! काका म्हणाले, आता गाडी जरा रुळावर आलीय, तर हिला सुचतंय. सासूबाईंची जागा रिकामी होती, नाहीतर त्याही काही म्हणाल्या असत्या. काकींनी दोघांना वाढलं. स्वतः जेवल्या नाहीत. पिठात मूळ घातलं, पातेल्याला गोधडी गुंडाळली आणि त्यावर हात ठेवून जरा वेळ बसल्या. देवाला त्या एरवी काही मागत नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, मला बोलता येत नाही, पण करायला जमू दे.

सकाळी गाडीवर आल्यावर त्यांनी शेगडी पेटवलीच नाही. गिऱ्हाईक जमू लागलं होतं. आठ-दहा प्रवासी, फोन हातात. काकींनी चहावाल्याकडून स्टूल मागितलं. मोठा तवा उलटा केला, त्याच्या बुडाची काजळी खरवडून वाटीत घेतली आणि चमचाभर तेलात कालवली. पदर खोचला आणि स्टुलावर चढल्या. त्यांच्या वयाची बाई स्टुलावर चढताना बघून चहावाला धावला आणि त्याने स्टूल धरलं.

काकी सातवीपर्यंत शिकल्या होत्या. शाळेत बाई शुद्धलेखन तपासायच्या तेव्हा राहून गेलेल्या अक्षराच्या जागी ओळीखाली छोटं हंसपद काढायच्या आणि वर ते अक्षर लिहायच्या. जागा नाही म्हणून बाईंनी कधी कुणाचं अक्षर सोडलं नव्हतं. काकींनी ब आणि ले यांच्यामध्ये हंसपद काढलं आणि वरती, थेट फुलाच्या पाकळीवर, बोटाने व लिहिला. काळा, जाड आणि थोडा डावीकडे कललेला.

तेवढ्यात पेंटर नवी पाटी सायकलला बांधून आले. सायकल तशीच धरून त्यांनी वर पाहिलं.

"वहिनी, हे काय चाललंय?"

"तुमचं राहिलेलं काम."

काका म्हणाले, अगं गिऱ्हाईक बघतंय. काकी म्हणाल्या, बघू दे, पाटी बघायलाच आलंय ते. आणि खाली उतरल्या.

प्रवाशांनी फोन वर धरले. फोनने जे काही वाचलं असेल ते वाचलं. कुणी हसलं नाही. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, पुन्हा फोन धरला, पुन्हा पाहिलं. वरातीला यावं आणि बँडच नसावा, तशी त्यांची तोंडं झाली. अर्धे पुढे निघून गेले. काका कळवळून म्हणाले, गेले बघ. काकींनी शेगडी पेटवली, तव्याला बोट लावून कपाळाला लावलं आणि सांगितलं, जाऊ देत, भूक असेल तो बसेल. चार-पाच जण बसले. त्यातल्या एकाचं बोट सवयीने नाकाकडे गेलं, आणि काकी त्याच्याकडे अशा बघत राहिल्या की त्याने तेच बोट कपाळ खाजवायला वापरलं. चहावाल्याला ठसका लागला.

नवी पाटी पेंटर परत नेणार होते, पण काकींनी ठेवून घेतली. वारा अडवायला तिच्याएवढी सोयीची वस्तू नव्हती. त्यांनी ती शेगडीला टेकवली, चित्राची बाजू विस्तवाकडे करून. महिनाभरात त्या नाक धरलेल्या माणसाचं नाक कोळशासारखं झालं.

गर्दी ओसरली. एक बाक पुरू लागलं. काका महिनाभर घुश्शात होते, ताटल्या आपटत विसळायचे. काकींनी ऐकून घेतलं, पण आपटून एखादी ताटली चेपली की काकांकडे पाठ फिरवायच्या.

काजळीचं अक्षर टिकत नाही. दमट हवेत ओघळतं, उन्हात उडतं. फिकट झालं की काकी चहावाल्याकडून स्टूल मागतात. एकदा पेंटर स्वतःहून ब्रश घेऊन आले. म्हणाले, वहिनी, द्या, पक्क्या रंगात करून देतो, कायमचं होईल.

काकींनी कांदा काट्याला टोचला.

"आता नको, भावजी. जागा नव्हती ना?"

तवा चर्रर्र वाजला आणि शेजारी चहावाल्याने मान वर केली.