परत आलेला नारळ

आम्ही चार मित्र आज केरळात हाउसबोटीवर आहोत. तिघे लालबागचे, नरेश शीव कोळीवाड्याचा.

बोट सुटताना नरेशने बॅगेतून नारळ काढला. "अरे, केरळात नारळ घेऊन आलास?" आम्ही जाम हसलो. त्याचे वडील समुद्रात बुडाले, त्यानंतर तो पहिल्यांदाच बोटीत चढला होता. त्याने चपला काढल्या, नारळ पाण्यात सोडला, हात जोडले.

चुकून पडला असं वाटून नावाड्याने तो बांबूने ओढून परत आणून दिला.

दुपारी काठावरच्या गावात उतरून मासे घेतले. कालवण झालं, पण वाहिलेला नारळ परत आला म्हणून नरेश ताटाला हात लावेना.

"आईला विचार ना."

"नको रे, घाबरेल ती."

कोळीवाड्यातल्या मंडळींनो, परत आलेल्या नारळाचं काय करतात? लवकर सांगा. आम्हीही जेवायचे थांबलोय.