डंपर स्थिर, गरा चालू

शालू मांडवकरला मॅडम कोणी म्हणत नसे. एम.कॉम., बी.एड. झालेली ही बाई, लेक सान्वी नर्सरीत जायला लागली तेव्हापासून डोंबिवलीत, मानपाड्याच्या घरात अकाउंट्स शिकवत होती. सान्वी आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. जेवणाच्या टेबलाशी बसून घसारा शिकलेली मुलं पुढे सीए झाली, बँकेत लागली, पण सगळ्यांची ती शालूकाकूच. काकू, पाणी द्या ना. काकू, कुकरची शिट्टी झाली. फळा लावायला भिंत नव्हती, तिथे फ्रिज होता. शालू फ्रिजच्या दारावर मार्करने ताळेबंद लिहायची आणि सासूबाई दूध काढायला आल्या की अख्खा ताळेबंद दारासकट उघडायचा.

तिला खरा फळा हवा होता. खडू हवा होता. वर्गात शिरल्यावर बाकं सरकल्याचा आवाज हवा होता.

मेच्या अखेरीस माजिवड्याच्या एका ज्युनियर कॉलेजातून फोन आला. मराठी माध्यमाला अकाउंट्सच्या शिक्षिका हव्यात. शनिवारी सुट्टीतल्या जादा वर्गापुढे नमुना पाठ द्यायचा. विषय, खाण कंपनीच्या ताळेबंदातली स्थिर मालमत्ता.

"खाण?" सान्वी म्हणाली. "आई, तुला फर्निचर नाही मिळालं?"

"फर्निचर कोणीही शिकवेल गं!" शालूने हातातली पोळी तव्यावर टाकली ती तशीच विसरली. दोन दिवस ती कंपन्यांचे अहवाल वाचत होती, आणि भाजीत मीठ दोनदा तरी पडत होतं, नाहीतर पडतच नव्हतं.

पहिला पाठ सासूबाईंवर झाला. कलावतीबाई संगमेश्वराकडच्या. फ्रिजच्या दाराकडे बघून त्या म्हणाल्या, "डंपर स्थिर?"

"हो, आई. खाणीतला डंपर, खोदायचं यंत्र, सगळी स्थिर मालमत्ता."

"आणि तो दगडाचा ढीग?"

"खनिजाचा ढीग. तो चालू मालमत्तेत."

"अगो, डंपर दिवसभर धावतोय नि ढीग जागचा हलत नाही. तुझं उलटं झालंय."

शालूचा नवरा विश्राम वर्तमानपत्रामागून हसला. "आपली स्कूटर मग स्थिरच. किक मारून मारून कळलंय मला."

शालू हसली नाही. तिला एकदम दिसलं की घोळ हिशोबात नाही, शब्दात आहे. चालू म्हटलं की आपल्याला धावणारं दिसतं. वर्गातली पोरंही इथेच अडकणार. पण सोडवायचं कसं?

त्याच संध्याकाळी तिने गावाहून आलेल्या दोन फणसांतला एक फोडायला घेतला. खाली वर्तमानपत्र, हाताला नि सुरीला खोबरेल, बाजूला वाडगा. गऱ्यांभोवतीचं चारखंड काढून पहिला गरा वाडग्यात टाकला आणि तिचा हात थांबला.

"सान्वी! अगं, ही खाण आहे!"

"आई, तो फणस आहे."

"गरा आत आहे तोवर स्थिर. वाडग्यात आला की चालू! बघ ना, तोच गरा!" चिकाचे हात तिने सान्वीच्या खांद्यांवर ठेवले. नवा कुर्ता गेला. सान्वी ओरडली, कलावतीबाई ओरडल्या, शालूला काहीच ऐकू येत नव्हतं.

शनिवारी दुसरा फणस निघाला. कलावतीबाईंनी तो चारी बाजूंनी थापटून सांगितलं, "कापा आहे, घट्ट गऱ्यांचा. ऐंशी गरे तरी निघतील."

विश्रामने स्कूटरच्या पायठेवणीवर फणस बघितला. "मुलाखतीला चाललीयस की माहेरी?"

"तू पाय नीट ठेव. त्याला लागला तर उतरून चालत जाईन."

शिळफाट्यावरून, मुंब्रा-कळव्याकडून ते माजिवड्याला पोचले. विश्राम खाली थांबला. विभागप्रमुख सुमेधा बापट शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून फणस बाहेर येताना पाहिला आणि चष्मा काढून पुसला.

"डंपर, आणि खणून काढलेल्या खनिजाचा ढीग," शालूने विचारलं. "चालू कोण, स्थिर कोण?"

"डंपर चालू!" वर्ग ओरडला.

"आणि बंद पडला तर?"

"भंगार मालमत्ता!" पुढच्या बाकावरचा आर्यन म्हणाला. सगळे खिदळले, शालूही.

"हलतं का, हे विचारायचंच नाही. विकायला ठेवलंय की राबायला ठेवलंय, हे विचारायचं. ढीग विकायचाय, म्हणून चालू. डंपर राबायला आहे, म्हणून तो कितीही धावो, स्थिर. आणि ही आपली खाण." तिने फणसावर हात ठेवला. "सुरी म्हणजे यंत्र, तिचा घसारा वर्षांवर. खाणीचा घसारा मात्र उपशावर. जेवढे गरे काढाल, तेवढी खाण कमी. आत ऐंशी गरे आहेत, असा आमच्या तज्ज्ञांचा अंदाज."

सुरी आत गेली. फणस उघडला. एक बाजू पिवळीधमक, आणि दुसरी पोचट. गरे भरलेच नव्हते, नुसता पांढरा चोथा.

वर्गात हसू फुटलं. घरी फणस असा निघाला की तो गुपचूप गाईला जातो. इथे तो टेबलावर होता आणि शेवटच्या बाकावरच्या बाईंनी पेन हातात घेतलं होतं.

मग तिच्या लक्षात आलं, आणि आवाज चढला. "अरे, हे तर खाणीत रोज होतं! जमिनीखाली कोणी बघितलंय? ऐंशी धरले, निघणार चाळीस. खाणीची किंमत तीच, मग एका गऱ्यावर भार किती?"

"दुप्पट!" आर्यन उभाच राहिला.

"आणि बाजारात गऱ्याला तेवढा भाव नसेल तर?"

मागून एक मुलगी म्हणाली, "मग खाणीचीच किंमत कमी दाखवायची. खोटं कशाला लिहायचं?"

"शाब्बास!" शालूने आनंदाने टेबलावर हात मारला, तो तिथेच चिकटला.

"साल काढायची मजुरी कुठे लिहाल?" सुमेधाबाईंनी मागून विचारलं.

"खाणीच्या किमतीत, मॅडम. साल काढल्याशिवाय गऱ्यापर्यंत पोचताच येत नाही."

"आणि आमच्या टेबलाला लागलेला हा चीक? शिपाई आज रजेवर आहे."

शालूने पिशवीतून खोबरेलाची बाटली आणि जुन्या गंजिफ्रॉकचं फडकं काढलं. "हा खर्च फणस फोडायच्या आधीच धरलाय. खड्डा बुजवायचा खर्चही खाणवाल्याने सुरुवातीलाच खाणीच्या किमतीत धरायचा असतो."

सुमेधाबाई पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या. पुढे आल्या, पिवळ्या बाजूचा एक गरा तोंडात टाकला, बाकीचे मुलांकडे सरकवले. "कापाच आहे. तेवढा अंदाज बरोबर होता तुमच्या तज्ज्ञांचा. वर्ग सुरू होतील त्या दिवसापासून याल?"

शालू होकाराची मान डोलवत टेबल पुसत राहिली.

"मॅडम, अजून एक गरा घेऊ?" आर्यनने विचारलं.

शालू पुसतच होती.

"अहो," सुमेधाबाई म्हणाल्या, "तो तुम्हाला विचारतोय."