डाळिंबी गाद्यांची मोटार

माझ्यासाठी मुली बघणं चालू होतं, त्याच सुमारास वडिलांनी दौंडच्या एका रेल्वे साहेबाकडून जुनी मोटार घेतली. साहेबाची बदली लांब झाली होती आणि मोटार बरोबर न्यायची त्याची इच्छा नव्हती. का नव्हती, ते मोटार आमच्या गावी, न्हावऱ्याला आल्यावर कळलं. इंजिन ठीक होतं, पण आतल्या चामडी गाद्या पार गेलेल्या. उन्हानं भेगाळलेल्या, शिवणी उसवून काथ्या बाहेर आलेला. आणि साहेबाचा कुत्रा जिथं बसायचा तिथं तर नुसती स्प्रिंगच.

दौंडला मुलगी बघायला जायचं ते याच मोटारीतून, असं वडिलांनी ठरवून टाकलं. मी म्हटलं, एसटीनं जाऊ.

"यष्टीनं जायाला तू काय कंडक्टर हायेस?" विषय संपला.

शिरूरला घोड्यांची खोगिरं करणाऱ्या घराण्यातले एक कारागीर होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. घोडे कमी झाले तसे ते मोटारींच्या गाद्या करू लागले होते. त्यांनी गाद्या काढून आमच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली मांडल्या आणि एका गादीच्या दुमडीत, जिथं ऊन पोचलं नव्हतं, तिथला मूळचा रंग वडिलांना दाखवला. तंबाखूसारखा तपकिरी.

"आप्पा, ह्योच लावू."

"आन् लोकांनी म्हणावं, शेणानं सारवलीय! डाळिंबी करा."

"डाळिंबी लई उठून दिसंल."

"मग? उठून दिसायलाच तर करायची!"

चाचांनी साबणाच्या फडक्यानं वर्षानुवर्षांचा मळ काढला, उसवलेल्या शिवणी मेण लावलेल्या दोऱ्यानं घातल्या, भेगांत लांबी, म्हणजे भरणीचा लगदा, भरून त्या काचकागदानं गुळगुळीत केल्या. मग कापडाच्या बोळ्यानं रंगाचे हात सुरू झाले. एक हात वाळला की दुसरा. वडील खुर्ची टाकून समोर बसत आणि आई त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणे, "आमच्या लग्नात मला हळदसुद्धा एवढी निगुतीनं लावली न्हवती."

जायचा दिवस आला तरी चाचांचं काम पुरं झालं नव्हतं. "रंग धरून ठेवायचा वरचा हात राहिलाय, आप्पा. घाम लागला तर उतरंल."

"आमी काय औत धरून चाललोय व्हय, घाम यायला?"

वैशाख होता. मोटारीच्या काचा अर्ध्यावर अडकल्या होत्या. पुढं ड्रायव्हरशेजारी मी, मागं आई, मामा आणि पांढऱ्याशुभ्र धोतरातले वडील. दौंड येईपर्यंत सगळे नुसते निथळत होतो.

मुलीचे वडील रेल्वेत गार्ड होते. क्वार्टरमध्ये त्यांनी खाटेवर धुतलेली पांढरी चादर घातली होती. तिच्यावर वडील बसले. पोहे झाले, मामांनी मुलीला स्वयंपाकाचं, शिवणाचं विचारून घेतलं. मग हात धुवायला वडील उठले आणि चादरीवर भलामोठा डाळिंबी ठसा दिसला. तसाच धोतरावरही. वडिलांना पत्ता नव्हता. बाकीचे आपापल्या पोह्यांच्या बशीत बघू लागले.

ते परत येऊन बसले, तेव्हा गार्डसाहेब काहीतरी बोलायचं म्हणून मुलीला म्हणाले, "तुला काही विचारायचंय का?" अशा वेळी मुली मान हलवून नाही म्हणत. हिनं चादरीकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "रंग पक्का आहे का?"

वडिलांना वाटलं, माझ्याबद्दलच विचारतेय. छाती काढून म्हणाले, "सावळा हाय, पर पक्का हाय!"

आधी मामा फुटले, मग गार्डसाहेब, मग सगळी खोली. आईनं वडिलांना उभं करून धोतराची मागची बाजू दाखवली, तेव्हा ते क्षणभर लाल झाले आणि मग इतके हसले की ठसका लागला. मी मात्र तिच्याकडेच बघत होतो. पदर तोंडाशी धरला होता, तरी खांदे हलत होते. घरी येताना मी होकार सांगितला. तिचा होकार मागाहून, चादर धुऊन झाल्यावर आला, असं ती अजून सांगते.

लग्नानंतर वडिलांनी चाचांना परत बोलावलं. "काढा ह्यो रंग. तपकिरीच बरा."

सासऱ्यांशी सुना तेव्हा थेट बोलत नसत. आतून आवाज आला, "डाळिंबीच असू द्या. मला आवडलाय."

चाचांनी वडिलांकडे पाहिलं. वडील आढ्याकडे बघत होते. चाचांनी वरचा हात लावायला घेतला.

नंतर शिरूरच्या बाजाराला निघालो, तर वडील काखेत घोंगडी घेऊन आले आणि सीटवर अंथरू लागले. तिनं ती काढून घेतली, घडी घातली आणि कमरेचा पांढरा रुमाल पुढं केला. "मामंजी, सकाळीच ओला करून गादीवर घासून बघितलाय."

वडिलांनी रुमाल दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला, उजेडात धरून पाहिला आणि मग टेकून बसले.