अक्कांची ओट्यामागची भिंत

रामआळीतल्या फरशीच्या दुकानात अक्कांनी पिशवीतून दोन बाटल्या काढून काउंटरवर ठेवल्या, तेव्हा दुकानदाराला वाटलं, म्हातारी औषध घ्यायला थांबली आहे. एका बाटलीत हळद कालवलेलं तेल होतं, दुसरीत कोकमाचं आगळ. संगमरवराच्या नमुन्यावर त्यांनी दोन्हींचे थेंब टाकले आणि आम्ही बाकावर बसून राहिलो. काही वेळाने पुसून पाहिलं, तर दगडाची चकाकी गेलेली आणि शेजारी पिवळाधमक डाग. दुकानदार हळहळला. अक्का म्हणाल्या, "माझ्या भिंतीवर अत्तर नाही हो उडायचं, हेच उडणार."

अक्का आमच्या घरमालकीण. मांडवीला त्यांच्या घराच्या अर्ध्या भागात आमचं बिऱ्हाड होतं, दोन्ही स्वयंपाकघरांच्या मध्ये एकच भिंत. त्यांचे यजमान लवकर गेले, एकुलता एक सुधीर नोकरीनिमित्त मुंबईत. पारखल्याशिवाय ही बाई काही घरात घेत नसे. नारळ कानाशी हलवायच्या, तांदूळ दाताखाली फोडायच्या. मला जागा द्यायच्या आधी त्यांनी माझ्याकडून भाकरी थापून घेतली होती. "हाताला धीर आहे की नाही, ते भाकरीत कळतं," म्हणाल्या. भाकरी फुगली म्हणून आम्हाला जागा मिळाली, असं माझे यजमान अजून सांगतात.

त्या वर्षी सुधीरने गॅस आणून दिला आणि चूल बंद झाली. चुलीच्या धुराने काळी झालेली भिंत मात्र तशीच राहिली. पावसात तिला ओल यायची, पोपडे सुटून आमटीत पडायचे. गणपतीला येईन त्याआधी भिंतीला फरशी लावून घे, असं सुधीरने बजावलं होतं. शिवाय त्याचं नेहमीचं पालुपद होतंच: आई, आता पुरे झालं, मुंबईला चल. अक्का फणकारायच्या, "तिथे काय करू? गॅलरीत बसून वाळत घातलेल्या कपड्यांची राखण?"

दुकानातल्या सगळ्या परीक्षांत पांढरी चकचकीत टाइल पास झाली. डाग धरत नव्हती, ओल्या फडक्याने लख्ख होत होती. तिच्या खालोखाल एक गडद हिरवी. अक्कांनी दोन्हींचे नमुने घरी आणले. "ओट्यावर ठेवून बघते. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विरजण मागायला गेले. पांढऱ्या टाइल्स शेगडीमागे उभ्या केल्या होत्या आणि खिडकीतलं ऊन त्यांच्यावर पडलं होतं. अक्का शेगडीवर तळहात धरून तो हळूहळू खाली नेत होत्या. शेगडी पेटलेली होती. मी ओरडून त्यांचा हात ओढला. बोटं लाल झाली होती.

"पेटलाय होय," त्या पुटपुटल्या.

मग ओट्याला टेकून म्हणाल्या, "काळ्या भिंतीवर ती निळी ज्योत जराशी तरी दिसायची गो. या पांढऱ्यावर काहीच दिसत नाही. सुमन, सुधीरला सांगू नको. बोचकं बांधून नेईल मला."

मला दया आली आणि त्याहून जास्त भीती वाटली. त्या भिंतीपलीकडे माझी लहान मुलगी झोपायची. एखाद्या दिवशी कॉक उघडा राहिला तर? मी म्हटलं, "अक्का, डॉक्टरांकडे चला, नाहीतर मी आजच सुधीरला कळवते." त्या आल्या. मोतीबिंदू होता, पण पिकला नव्हता. पिकल्याशिवाय तेव्हा काढत नसत. पावसाळ्यानंतर बघू, डॉक्टर म्हणाले.

अक्कांनी दुकानात जाऊन हिरव्या टाइलवर बोट ठेवलं. "हीच दे." गवंड्याने भिंत केली आणि ज्योत त्यांना दिसू लागली, निदान त्या तसं म्हणायच्या. माझा जीव काही थाऱ्यावर नव्हता. सकाळी डोळे उघडायच्या आधी मी गॅसचा वास येतो का ते बघायची. त्या स्वयंपाकाला लागल्या की मीठ हवं, मिरची हवी, असं काहीतरी निमित्त काढून जायची. त्यांना ते कळत होतं. "ये, पहारेकरीण," म्हणायच्या आणि पाट सरकवायच्या.

गणपतीत सुधीर आला, मोदक खाऊन, भिंत छान झाली म्हणून परतला. त्याला काही कळेल या धास्तीने मी त्या दिवसांत नीट जेवलेसुद्धा नाही. पण दिवाळीनंतर ऑपरेशन ठरलं, तेव्हा त्याला कळवावंच लागलं. तो आला. आईची सगळी सेवा त्याने केली, पण लपवलं म्हणून चिडून. जाड भिंगांचा चष्मा मिळायच्या दिवशी त्याने दुसऱ्या सकाळच्या मुंबईच्या एस.टी.ची दोन तिकिटं काढून आणली. अक्का लुगड्यांच्या घड्या करून बोचकं बांधू लागल्या, ते पाहून मला रडू आलं. इतक्या मुकाट्याने ही बाई कधी नारळसुद्धा घेत नसे.

निघायच्या सकाळी त्या चष्मा लावून पहिल्यांदाच आत, स्वयंपाकघराचा निरोप घ्यायला गेल्या. आतून एकदम ओरडल्या. सुधीर आणि मी धावलो.

"अगो सुमन, हिरवी? मी काळी म्हणून पसंत केली होती!" मग त्या भिंतीला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या. "आणि हे काय? हे तेलाचे ओघळ! ही कोपऱ्यातली हळद! इतके महिने मी या असल्या घाणीत रांधत होते आणि तुम्ही कुणी बोलला नाहीत?"

पदर खोचून त्यांनी बंबातली राख आणि काथ्या घेतला.

"आई, गाडी चुकेल," सुधीर पिशवी धरून दारात उभा होता.

"तू हो पुढे," भिंत घासता घासता अक्का म्हणाल्या. "मला आता दिसतंय."