काटकोनने बस ठाण्यात नेली

डेपोतले सगळे तिला काटकोन म्हणायचे. एक तर कितीही अडचणीच्या जागेत ती बस अशी मागे घ्यायची की भिंतीशी अगदी काटकोन व्हावा. दुसरं कारण म्हणजे तिचा स्वभाव. जरा नमतं घे असं कुणी म्हटलं की ती आणखी ताठ व्हायची. नवरा म्हणायचा, हिच्याशी वाद घालणं म्हणजे उभी बस ढकलणं. बस तर हलत नाही, आपलीच कंबर धरते.

बाई पन्नाशीची, अंगाने किरकोळ, आवाज मात्र डेपोच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा. सहली नेणाऱ्या एका कंपनीत ती ड्रायव्हर होती. कॉलेजची पोरं, म्हातारे, ऑफिसातली माणसं, सगळ्यांना तिने फिरवून आणलं होतं. शहरापासून दूर उघड्या माळावर एक मोठं उद्यान होतं, तिथे तर तिच्या इतक्या खेपा झाल्या होत्या की रस्त्यातला खड्डा यायच्या आधीच तिचा पाय ब्रेकवर जायचा.

त्या उद्यानात वाऱ्याने कोरलेले दगड होते. त्यातला सगळ्यांत नावाजलेला म्हणजे टोपीवाला. खाली रुंद खांदे, वर बारीक होत गेलेली मान आणि त्या मानेवर तिरकी टेकलेली दगडाची भलीमोठी चकती. लांबून पाहिलं तर कुणीतरी टोपी डोळ्यांवर ओढून डुलकी काढतोय असं वाटायचं. लोक त्याच्याबरोबर फोटो काढून घ्यायचे. काटकोन त्याच्या सावलीत बसून डबा खायची. तिथे वारा छान लागायचा, एवढंच तिचं म्हणणं. दगडाकडे बघून गहिवरून येणारी ती बाई नव्हती.

त्या दिवशी तिने एका फर्निचरच्या शोरूमची माणसं आणली होती. त्यांच्यातला विक्रीवाला चांगला दांडगा होता, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. गडी वाईट नव्हता. बसमध्ये गाणी म्हटली, स्वतः उठून सगळ्यांना सँडविचं वाटली, काटकोनलाही आग्रहाने दोन दिली. टोपीवाल्यापाशी पोचल्यावर कुणीतरी म्हणालं, हा दगड नुसता टेकलेला आहे, पैलवानाला काही जड नाही. झालं. पैलवानाने बाह्या सरसावल्या. चार-पाच जणांनी मोबाइल वर धरले.

काटकोन डब्याचं झाकण उघडत होती. तिला आधी वाटलं, फोटोसाठी सोंग चाललंय. मग तिने पाहिलं की त्याने खांदा खरोखरच लावलाय आणि पाय रोवलेत. ती ओरडली. त्याने ऐकलं, तिच्याकडे बघून हसला आणि पुन्हा जोर लावला. तिसऱ्या झटक्याला मान मोडली. चकती आधी सावकाश कलली, मग एकदम खाली आली आणि तिचे तीन तुकडे झाले. धूळ खाली बसली. मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि बाकीचेही वाजवायला लागले.

काटकोनने डबा बंद केला आणि बसकडे निघाली. शिव्या नाहीत, भांडण नाही. सगळे चढले, पैलवानही चढला, कुणीतरी पुन्हा गाणं सुरू केलं. तिने बटण दाबून दार लावलं आणि बस रस्त्याला काढली. हॉटेलला जायला डावीकडे वळायचं होतं, ती उजवीकडे वळली. थोड्या वेळाने शोरूमच्या कॅशियरबाईंनी विचारलं, आपण कुठे चाललोय? काटकोनने आरशात बघून सांगितलं, "पोलीस ठाण्यात. तोवर दार उघडणार नाही. कुणाला उलटी होत असेल तर पिशव्या सीटच्या मागे आहेत."

मग बसमध्ये जो कल्लोळ झाला तो विचारू नका. कुणी दारावर हात आपटले, कुणी तिच्या मालकाला फोन लावला, एकीचं डोकं दुखायला लागलं. मालकाने फोनवरून फर्मावलं की बस ताबडतोब थांबव. ती म्हणाली, गाडी चालवताना मी फोनवर बोलत नाही, तुमचाच नियम आहे.

ठाण्यातल्या अंमलदाराला हे झेंगट नको होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की कचरा टाकला तर जो दंड होतो तो लावू, पैसे भरा आणि जा. काटकोन जागची हलली नाही.

"कचरा नाही टाकला साहेब, पाडलंय. हसत हसत पाडलंय."

"बाई, दगडच ना? माणूस तर मेला नाही."

"माणूस मेला असता तर मी तुम्हाला समजावत बसले नसते."

दंड भरून पैलवान सुटला. काटकोन मात्र अडकली. शोरूमने तक्रार दिली की या बाईने आम्हाला आमच्या मर्जीविरुद्ध बसमध्ये कोंडून ठेवलं. तिच्यावर रीतसर गुन्हा दाखल झाला. मालकाने तिला घरी बसवलं. दगड पाडणारा कामावर आणि बसचं दार लावणारी घरी, असा न्याय झाला.

काही दिवसांनी शोरूमच्या वकिलाने तिला बोलावून घेतलं. सोबत नवराही गेला. वकील गोड बोलणारा होता. आम्ही तक्रार मागे घेतो, म्हणाला, तुमचे मालक तुम्हाला परत कामावर घेतील; तुम्ही फक्त एक वाक्य लिहून द्या की दगड आधीपासूनच हलत होता.

"हलत नव्हता," काटकोन म्हणाली.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"हलणाऱ्या दगडाखाली मी बससुद्धा लावत नाही. डबा घेऊन कशाला बसेन?"

बाहेर आल्यावर नवऱ्याचा तोल सुटला. त्याचं किल्ल्या बनवायचं छोटं दुकान होतं, माणूस शांत, पण त्या दिवशी त्याने भर रस्त्यात तिला विचारलं की एका वाक्याने तुझं काय झिजणार आहे. टोपी काय पुन्हा वर जाऊन बसणार आहे का? घरी येऊन तिने इतका राग काढून भांडी घासली की शेजारीण डोकावून गेली. मग नवऱ्यासमोर येऊन म्हणाली, "टोपी वर जाणार नाही, हे मलाही कळतं. म्हणूनच तर. वर बसवता आली असती तर दंडावर भागलं असतं."

दुसऱ्या दिवसापासून दुकानात कुणी बायकोची चेष्टा केली की तो त्याची किल्ली चार दिवस लांबवायचा.

कोर्टाने तिला एक वकील दिली होती. वयाने तिच्या मुलीसारखी, बोलायला सरळ. तिने एक गोष्ट नीट समजावून सांगितली. तडजोड केली तर कुणालाच काही विचारलं जाणार नाही. खटला चालला तर तुम्हाला अडकवायला त्या सगळ्यांना साक्षीला यावं लागेल, आणि बस ठाण्याकडे का वळली हे मला त्यांना शपथेवर विचारता येईल. तुम्हाला मात्र शिक्षा होऊ शकते. काटकोन म्हणाली, होऊ दे.

खटला उभा राहिला. पहिली साक्ष कॅशियरबाईंची. आम्हाला कसं कोंडलं, पाणीसुद्धा मिळालं नाही, हे त्यांनी तपशिलात सांगितलं. मग वकीलबाई उठली. बस का वळली असं तिने विचारलं. ठाऊक नाही, उत्तर आलं. मग तुमच्याच मोबाइलवरच्या व्हिडिओत टाळ्यांचा आवाज कसला आहे? न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं आणि स्वतःच विचारलं की दगड आपोआप हलत होता का.

"नाही," कॅशियरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "त्याने खांदा लावून पाडला. ड्रायव्हरबाई ओरडल्या होत्या. आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं."

त्यांच्यामागून आलेल्या साक्षीदारांनाही मग तेच सांगावं लागलं.

काटकोन दोषी ठरली. हेतू काहीही असो, माणसं कोंडायचा अधिकार तुम्हाला नाही, असं न्यायाधीशबाईंनी बजावलं. पहिलाच गुन्हा म्हणून ताकीद देऊन सोडलं. झाल्या गोष्टीचा खेद आहे का, असं त्यांनी विचारलं.

"टोपीवाल्याचा आहे," काटकोन म्हणाली. वकीलबाईने कपाळाला हात लावला.

पण ते जबाब आता कोर्टाच्या दप्तरात पक्के झाले होते. सरकारी वकिलाने ते उचलले आणि पैलवानावर नवा खटला भरला. या खेपेला कलम कचऱ्याचं नव्हतं. सगळ्यांच्या मालकीची आणि पुन्हा घडवता न येणारी वस्तू जाणूनबुजून नष्ट केल्याचं होतं. त्यात तुरुंग होता.

मग एका रविवारी सकाळी पैलवानाचे वडील तिच्या घरी आले. म्हातारे गवंडी होते, बोटं जाड, नखांच्या कडा झिजलेल्या. नवऱ्याने खुर्ची दिली, तिने चहा टाकला. म्हाताऱ्याने कप हातात घेतला.

"मी जन्मभर दगड फोडले," तो म्हणाला. "मला कुणी गुन्हेगार म्हटलं नाही."

"तुम्ही फोडलेल्या दगडांची घरं झाली, काका. याच्या दगडाचं काय झालं?"

"चूक झाली त्याची. दगडापायी माणूस आत घालायचा? त्याची नोकरी गेली, शेजारी तोंड फिरवतात. आणखी काय हवं?"

काटकोनला खरं सांगायचं तर त्या म्हाताऱ्याची दया आली. तिने त्याच्यासमोर स्टूल ओढलं आणि आवाज उतरवून बोलली. "उद्या माझी बस डुलकी लागून एखाद्याच्या भिंतीवर गेली तर माझं लायसन्स जातं, आत जावं लागतं. भिंत काय, महिन्यात परत उभी राहते. तरी कुणी म्हणत नाही की भिंतीपायी बाईला कशाला त्रास. आणि हा तर जागा होता, हसत होता."

"तुमचं लेकरू असतं तर?"

काटकोनची मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती, रविवारी हमखास फोन करायची.

"माझी मुलगी असती तर मी रडत रडत गाडी चालवली असती," ती म्हणाली. "पण नेली असती तिथेच."

म्हातारा उठला. चहा त्याने संपवला होता. "तुम्ही वाईट बाई नाही," तो म्हणाला, "पण मऊही नाही." तिने ते कबूल केलं आणि जिन्यापर्यंत त्याला सोडायला गेली. एका पायरीचा कोपरा तुटला होता, तिथे तिने त्याचा दंड धरला.

सहलीच्या कंपनीने तिला परत घेतलं नाही. पुढे एका मोठ्या इस्पितळाला नर्सांची ने-आण करायला ड्रायव्हर हवा होता. मुलाखतीत तिथल्या मॅनेजरने हसत विचारलं की आमच्या नर्सांना कोंडणार तर नाही ना. काटकोन हसली नाही. तशीच वेळ आली तर कोंडेन, म्हणाली. मॅनेजरने जरा विचार करून तिला सकाळची पाळी दिली.

निकाल लागला तेव्हा ती त्याच पाळीवर होती. मोबाइलवर बातमी वाचून एका नर्सने मोठ्याने सांगितलं, पैलवानाला सहा महिन्यांची कैद. बसमध्ये लगेच दोन तट पडले. एक म्हणाली, बरं झालं. दुसरी म्हणाली, दारू पिऊन गाडीने माणसं उडवणारे आम्ही मोकळे हिंडताना बघतो आणि इथे दगडाला सहा महिने, हे जरा जास्तच झालं. मग उडवणाऱ्यांचे वाढवा, तिसरी म्हणाली, याचे कशाला कमी करता. मागच्या सीटवरच्या वयस्क सिस्टरने पुढे वाकून काटकोनलाच गाठलं.

"तुम्ही सांगा ताई. पुरेसे आहेत का सहा महिने?"

"मी असते तर वर्ष दिलं असतं," काटकोन रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "आणि वर्ष देऊनही त्याच्या बापाला भेटायला मी गेले असते."

यावर दोन्ही तट एकदम तिच्यावर तुटून पडले. इस्पितळाचं फाटक आलं तरी कुणी उठेना. तिने बस आत घेतली, भिंतीलगत सरळ लावली आणि सगळ्यांना सांगितलं की पाळी सुरू व्हायची वेळ झाली आहे, उरलेलं भांडण परतीच्या खेपेला करू.